दोन महासीर आणि एक नदी

(तिवसा येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



गावतळ्यात मत्स्यबीज सोडण्याचा विषय निघाला की आपली चर्चा बोटुकलीच्या दरापाशी सुरू होते व बहुधा तेथेच संपते. मी कलाशाखेचा पदवीधर. मत्स्यशास्त्रावर अधिकाराने बोलण्याची माझी योग्यता नाही. तरी दोन माशांची हकीकत आपणापुढे ठेवावीशी वाटते.

दोन्ही मासे महासीर जातीचे. वाहत्या पाण्यात गळाला झुंज देणारा मासा म्हणून शौकिनांत महासीराचा मान फार मोठा. त्यांतला पहिला आपला दख्खनचा, निळसर परांचा. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. दुसरा कावेरीचा. त्याचे पर नारिंगी, आणि डोक्यामागे बैलासारखे वशिंड. १९४६ मध्ये काबिनी नदीत गळाला लागलेला १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा महासीर याच जातीचा मानला जातो. दख्खनी मासाही मोठा होतो, पण एवढा नव्हे.

धरणे आणि सुरुंगाची मासेमारी यांमुळे महासीर घटू लागला, तेव्हा १९७० च्या दशकात लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा वीज कंपनीच्या केंद्रात दख्खनी महासीराचे कृत्रिम प्रजनन यशस्वी झाले. बोटुकली देशातील अनेक जलाशयांना पुरविण्यात आली. हे कार्य मोलाचे होते, यात शंका नाही. परंतु त्यातील काही बोटुकली कावेरीतही गेली.

कावेरीकाठी गळ टाकणारे शौकीन मासा धरून पुन्हा पाण्यात सोडीत व त्याची नोंद ठेवीत. १९९८ ते २०१२ पर्यंतच्या या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा निळ्या परांचा मासा वाढत गेलेला आणि वशिंडाचा दुर्मिळ होत गेलेला आढळला. धरणे व सुरुंग तेथेही आहेतच. सारा दोष आपल्या माशाच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे. पण खेदाची गोष्ट अशी की, वशिंडाच्या महासीराची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये पक्की झाली आणि त्याच वर्षी तो नामशेष होण्याच्या काठावरील जातींत नोंदला गेला. ज्याचे नावही ठरले नव्हते, त्याच्या घरात आपण पाहुणा धाडला होता.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहा. मेळघाटातील सिपना तापीला मिळून पश्चिम समुद्राला जाते. तिवशाजवळून वाहणारी वर्धा प्राणहितेच्या वाटेने गोदावरीत. एकाच जिल्ह्यात दोन खोरी! एकीकडचे बीज दुसरीकडे नेण्यास एक जीपगाडी पुरते. आणि तळ्यात सोडलेले तळ्यातच राहील, असेही नाही; पावसाळ्यात सांडवा वाहू लागला की मासा नाल्याने नदी गाठतो. कटला, रोहू, मृगळ यांना माझा विरोध नाही. त्यावर भोई बांधवांचे पोट आहे. मात्र बीज कोणत्या केंद्राचे, कोणत्या जातीचे आणि पिशवीत दुसरे काही मिसळले आहे काय, हे ठरावात लिहून घेतले पाहिजे. २००० पासून बंदी असलेला आफ्रिकन मागूर अशाच बेफिकिरीने पसरला.

शिक्षक मित्रांना एक विनंती. कौंडण्यपूरच्या घाटावर गरी घेऊन बसणारी मुले आपल्याच शाळांत आहेत. त्यांच्यासाठी वर्गात एक वही ठेवावी. माशाचे गावातील नाव, लांबी, परांचा रंग आणि तारीख, एवढेच त्यात लिहावे. कावेरीवर शेवटी अशा नोंदीच कामास आल्या.