आणखी एक पदवी घ्यावी काय?

(विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात, बाळकुम, ठाणे येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या वस्तीत पदवी ही आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. एके काळी बाळकुम, कोलशेत, माजिवडे या भागातला माणूस सँडोज, बायर किंवा रेमंडमध्ये कामाला लागला की त्याचे घर मार्गी लागले असे आपण समजत होतो. ते कारखाने गेले. रेमंडची ठाण्याची गिरणी २००९ मध्ये बंद झाली आणि कोलशेतच्या कारखान्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. त्या कामगारांच्या मुलांनी पदव्या घेतल्या, आणि नातवंडांच्या वेळेस तर मुंबई विद्यापीठच उपकेंद्राच्या रूपाने बाळकुमात चालत आले. त्यामुळे "ग्रॅज्युएट कसे व्हावे?" असे विचारणारे आमच्याकडे आता थोडे येतात. येतात ते एम.ए., एम.कॉम. झालेले तरुण. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "सर, प्राध्यापक व्हायचे आहे. आणखी एक एम.ए. करू का? की पीएच.डी.ला नाव घालू?"

या प्रश्नाला "शिका, शिकत राहा" असे उत्तर दिले की टाळ्या मिळतात. आम्ही ते उत्तर देत नाही. आपल्या समाजात आणखी शिकू नको असे म्हणणे हा जणू अपराध वाटतो, कारण प्रत्येक फलकावर बाबासाहेबांच्या नावापुढे पदव्यांची ओळ असते. तेव्हा ती ओळ कशी तयार झाली, हेच आधी पाहू.

१९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये एम.ए. झाले. १९१६ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथे नाव घातले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये काम अर्धे टाकून परतावे लागले. पुन्हा येऊन ते पुरे करण्यास विद्यापीठाने चार वर्षांपर्यंतची सवड दिली होती. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार महिना ४५० रुपये. त्या काळात हा पगार म्हणजे काय, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. आज आपण ज्या खुर्चीसाठी धडपडतो ती खुर्ची त्यांच्याकडे होती. मार्च १९२० मध्ये त्यांनी ती सोडली. साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज एवढ्यावर ते जुलैमध्ये लंडनला निघाले. इकडे परळच्या चाळीत संसाराचा भार रमाईंवर पडला.

पुढचे आपणांस ठाऊक आहे : १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर, १९२३ मध्ये डी.एस्सी. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांनी फेरफारासाठी परत पाठवला होता आणि तो मुंबईहून पुन्हा सादर करावा लागला, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. ज्यांचा शोधनिबंध परत आला म्हणून ज्यांनी पुस्तके माळ्यावर टाकली, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

या हकिकतीत आम्हाला दिसते ते असे. अर्थशास्त्रातल्या पदव्या एकाच विषयाच्या रेषेवर होत्या : प्रांतिक अर्थव्यवस्था, शासनाचे वित्त, चलन. बॅरिस्टरीची वाट वेगळी होती. तिने कोणाच्या नोकरीवर अवलंबून न राहता चरितार्थ चालवण्याची सोय झाली. आणि या सगळ्याला मुदत होती, हिशेब होता. नोकरी लागेपर्यंत रिकामे का बसा, म्हणून घेतलेली पदवी त्या यादीत एकही नाही.

आता आजच्या नियमांकडे येऊ. हा भाग रुक्ष आहे, पण पोट याच भागावर आहे.

महाविद्यालयात सहाय्यक प्राध्यापक होण्यासाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जातींच्या उमेदवारांना ५० टक्के चालतात, आणि १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही ही सवलत आहे. त्यावर नेट किंवा सेट, अथवा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे केलेली पीएच.डी. येथे दुसऱ्या एम.ए.चा उल्लेख कोठेही नाही. मुलाखतीत तिला थोडाफार मान मिळेल; दरवाजा ती उघडत नाही. मग दुसरी एम.ए. कोणी करावी? ज्याचे पहिल्या एम.ए.चे गुण मर्यादेखाली अडकले आहेत त्याने. किंवा ज्याला खरोखरच विषय बदलायचा आहे त्याने, कारण नेट-सेट ज्या विषयात द्यायची आणि ज्या विषयात शिकवायचे, त्यांचा मेळ बसावा लागतो. बाकीच्यांनी ते दोन वर्षे आणि ती फी सेटच्या अभ्यासाला द्यावी.

नोकरी लागल्यानंतरची गोष्ट निराळी आहे. २०१८ च्या नियमांनुसार सहाय्यक प्राध्यापकाला पहिल्या स्तरावरून पुढच्या स्तरावर जायला पीएच.डी. असल्यास ४ वर्षे, एम.फिल. किंवा एलएल.एम.सारखी व्यावसायिक पदव्युत्तर पदवी असल्यास ५ आणि नुसती एम.ए. असल्यास ६ वर्षे लागतात. येथवर फरक दोन वर्षांचा. परंतु सहयोगी प्राध्यापक व्हायचे तर पीएच.डी.वाचून गत्यंतर नाही. म्हणून जे नोकरीत कायम आहेत आणि पीएच.डी. पुढे ढकलत आहेत, त्यांना आमचे सांगणे उलटे आहे : त्यांनी आता थांबू नये. संस्थेचे ना-हरकत पत्र घेऊन अर्धवेळ पीएच.डी. करण्याची वाट २०२२ च्या नियमांनी खुली ठेवली आहे.

नियम मात्र कायमचे नसतात. महाराष्ट्राइतका याचा चटका क्वचित कोणाला बसला असेल. १९ सप्टेंबर १९९१ च्या नियमांनी नेट आवश्यक झाली. आपल्या राज्याची सेट १९९५ साली सुरू झाली. मधल्या आणि नंतरच्या काळात, म्हणजे १९९१ ते २००० मध्ये, हजारो अधिव्याख्याते नेट-सेटशिवाय लागले. पुढे त्यांची वर्षानुवर्षे कुचंबणा झाली. २०१३ मध्ये राज्यभर प्राध्यापकांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार घातला, त्यात हाही प्रश्न होता. त्याच वर्षी २७ जूनला शासन निर्णय निघाला आणि त्या तारखेपासून त्यांच्या सेवा नियमित धरल्या गेल्या. अगोदरच्या वर्षांसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. एम.फिल.चेही तसेच. २००६ मध्ये एम.फिल. असणाऱ्यांना पदवी वर्गांसाठी नेटमधून सूट मिळाली, २००९ मध्ये ती गेली, आणि २०२२ मध्ये एम.फिल. ही पदवीच बंद झाली. विद्यापीठ विभागांत पीएच.डी. अनिवार्य करण्याची तारीख आधी २०२१ ठरली, मग २०२३ झाली आणि शेवटी ती अटच काढली गेली. तेव्हा निव्वळ एखाद्या तारखेच्या धास्तीने पीएच.डी.ला नाव घालणाऱ्याने काय मिळवले? प्रबंधाचा विषय आपला असेल तर नियम बदलला तरी काम वाया जात नाही. विषय मार्गदर्शकाने हाती दिलेला आणि मनाला न भिडणारा असेल, तर तिसऱ्या वर्षी माणूस मार्गदर्शकाचा फोन घ्यायचेही टाळू लागतो, असे आम्ही पाहिले आहे.

मागच्या वर्षी आमच्याकडे एक ताई आल्या. अर्थशास्त्रात एम.ए., ५८ टक्के. भिवंडीकडच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होत्या. तास तेवढे पैसे, सुटीत काही नाही. सेट दोनदा थोडक्यात हुकलेली. आई घरकामाला जाते, धाकटा भाऊ बारावीत. त्यांनी मुक्त विद्यापीठाचा राज्यशास्त्र एम.ए.चा अर्ज भरून आणला होता. एका वेळी दोन अभ्यासक्रम करायला २०२२ पासून असलेली मुभा पीएच.डी.ला लागू नाही, तरी पीएच.डी.चाही विचार चालू होता. आम्ही विचारले, "ताई, राज्यशास्त्र कशासाठी?" बराच वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "सर, नुसते तासिकेवर आहे असे सांगायला लाज वाटते. शिकतेय म्हटले की लोक पुढे विचारत नाहीत."

मित्रहो, हे वाक्य आम्हाला फार लागले. आपली कितीतरी मुले पदवीचा उपयोग असा पडद्यासारखा करीत आहेत. दोष त्यांचा नाही. भरतीवर वेळोवेळी बंधने येतात, जागा निघत नाहीत आणि वय सरकत राहते. पण पडद्याचे भाडे घर भरते. आम्ही त्या ताईंसह एका कागदावर मांडणी केली : फी किती, बुडणारे तास किती, भावाच्या प्रवेशाला काय लागेल, आणि सेटच्या अभ्यासाला रोजचे किती तास उरतील. दुसरी एम.ए. त्या कागदावरच गळाली. पीएच.डी. आम्ही खोडली नाही, पुढे ठेवली. कारण भिवंडीच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या बायकांच्या मजुरीबद्दल त्या बोलू लागल्या तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. तो विषय त्यांचाच होता.

पीएच.डी.ला कमीत कमी ३ वर्षे आणि जास्तीत जास्त ६ वर्षे धरलेली आहेत. एवढा काळ घर कसे चालणार, हे नोंदणीपूर्वी ठरले पाहिजे. जेआरएफ मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये दर आहे. तिची वयोमर्यादा ३० वर्षांची असून अनुसूचित जातींना त्यात ५ वर्षांची सवलत आहे. सेटला मात्र वयाची अट नाही. अनुसूचित जातींसाठी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, पुण्याच्या बार्टी संस्थेची अधिछात्रवृत्ती आहे. पैसे वेळेवर हातात पडतीलच असे धरून मात्र कोणी कर्ज काढू नये. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी.च्या प्रवेशालाही चालतात, म्हणजे एका परीक्षेची तयारी दोन्हीकडे उपयोगी पडते.

पालकांनाही दोन शब्द. मुलगी पीएच.डी. करते म्हटल्यावर "लग्न कधी?" आणि मुलगा करतो म्हटल्यावर "कमावणार कधी?" हे प्रश्न जेवताना विचारू नका. विचारायचेच असेल तर "विषय काय घेतलास?" असे विचारा आणि उत्तर पुरते ऐका. सांगताना ती अडखळली तर त्यावर निवांत बोलता येईल.

येत्या रविवारपासून दर आठवड्याला सकाळी दहा वाजता आम्ही काही शिक्षक या सभागृहात बसणार आहोत. येताना एम.ए.ची गुणपत्रिका, जातीचा दाखला, आणि घरखर्चाचा एक महिन्याचा खरा हिशेब घेऊन या. सेटच्या पहिल्या पेपरची पुस्तके संस्थेच्या कपाटात आहेत. किल्ली ग्रंथपालांकडे मिळेल.

जयभीम.