दोन डब्यांमधली फट
(मंडळाच्या वर्धापनदिनी ‘माझा विरंगुळा’ या मालिकेत एका सभासद भगिनीने दिलेले भाषण)



या मालिकेत आजवर कुणी विणकामावर बोलल्या, कुणी बागेवर, कुणी भजनावर. माझे नाव पुकारले आणि विषय सांगितला, तेव्हा मागच्या रांगेत जरा हसू फुटले ते मी ऐकले. बहात्तराव्या वर्षी बाई आगगाडीशी खेळते म्हटल्यावर हसू यायचेच. मलाही पहिल्यांदा आले होते. तेव्हा हसून घ्या आणि मग दहा-पंधरा मिनिटे माझे ऐका.

आमचे हे रेल्वेत डबे तपासणीच्या कामावर होते. गाडी फलाटाला लागली की हातोडी घेऊन चाके ठोकून बघायची, डबे एकमेकांना नीट जोडलेत का पाहायचे, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. २००८ साली निवृत्त झाले आणि पुढल्याच वर्षी घरात एक लहानगी आगगाडी आली. मुलाने परदेशातून इंजिन आणि रूळ पाठवले. डबे मात्र यांनी स्वतः करायचे ठरवले. पुठ्ठा आणि प्लॅस्टिकचा पत्रा कापून त्यांनी ‘डेक्कन क्वीन’ करायला घेतली. १ जून १९३० रोजी सुरू झालेली ही गाडी आपणा सर्वांच्या माहेरची. २०२२ साली तिला नवे एल. एच. बी. डबे मिळाले. यांची गाडी त्याच्या आधीची, मद्रासजवळच्या पेरांबूरच्या कारखान्यात निघणाऱ्या जुन्या बनावटीच्या डब्यांची. तो कारखाना १९५५ साली सुरू झाला आणि त्या बनावटीचे डबे काढणे त्याने २०१८ साली थांबवले.

आता मापाचे थोडे सांगते, कारण पुढची सारी कथा मापाचीच आहे. या गाडीला ‘एन’ माप म्हणतात. दोन रुळांमधले अंतर ९ मिलीमीटर. नऊला इंग्रजीत नाइन, जर्मनीत नॉयन, म्हणून एन; आपल्या नऊचाही नच की! खऱ्या गाडीच्या एकशे साठाव्या हिश्शाने सगळे करायचे. खरा डबा २१ मीटर ३४ सेंटिमीटर लांब, तर आमचा १३३ मिलीमीटर. रुंदी जेमतेम वीस. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलीमीटरची, तिला १६० ने भागले तर साडेदहा येतात, म्हणजे आमचे रूळ दीड मिलीमीटर अरुंदच आहेत. पण ते डोळ्याला खुपत नाही. खुपते ती दोन डब्यांमधली फट.

ही फट येते कुठून? १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जर्मनीत न्यूरेंबर्गच्या आर्नोल्ड कंपनीने ही लहान मापाची गाडी बाजारात आणली. तिच्या डब्यांना पुढे-मागे एकेक ठोकळेवजा आकडा असतो, त्याला ‘रॅपिडो’ म्हणतात. डबा डब्यावर ढकलला की एक आकडा वर उचलला जातो आणि दुसऱ्यात अडकतो. हळूहळू इतर कंपन्यांनीही तोच आकडा घेतला, त्यामुळे कुणाचाही डबा कुणाच्याही डब्याला जोडता येऊ लागला. सोय मोठी झाली. पण दोन ठोकळे समोरासमोर आल्यावर डबे दूर राहणारच. आमच्या डब्यांत पट्टी धरून मी मोजले तर १२ मिलीमीटर. त्याला १६० ने गुणा: जवळजवळ दोन मीटर. खऱ्या गाडीत तेवढी फट असती तर तुम्ही-आम्ही या डब्यातून त्या डब्यात उडी मारूनच गेलो असतो. प्रत्यक्षात दोन डब्यांच्या भिंतींमध्ये ९६ सेंटिमीटर अंतर असते. खाली बफर बफराला टेकलेले असतात आणि मध्ये जायच्या वाटेवर घडीचा पडदा असतो. आमच्या मापात ते अंतर सहा मिलीमीटर यायला हवे. म्हणजे आमची फट हवी त्याच्या दुप्पट होती.

यांना ते सहन होत नसे. “ही गाडी नव्हे, ही डब्यांची रांग आहे,” असे म्हणत. फट कमी करायचे मनात होते, दहा डबे करूनही झाले होते, आणि तेवढ्यात यांचा उजवा हात कापू लागला. आधी चहाचा कप बशीवर वाजे, मग सही बदलली, मग सुईएवढ्या वस्तू हातात धरवेनात. एक दिवस यांनी सगळे डबे बुटांच्या खोक्यात भरले, वर दोरी बांधली आणि खोके कपाटावर ठेवून दिले. काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून घरात दोनच आवाज: त्यांच्या खोलीत रेडिओ आणि माझ्या खोलीत शिवणाचे यंत्र.

मैत्रिणींनो, मी एक चूक केली ती तुमच्यापुढे कबूल करते. हे दुपारी झोपले असताना मी खोके खाली काढले. वाटले, फटच ना? आयुष्यभर बाह्या आखूड केल्या, परकर आवळले, ही फट काय मोठी! चार डब्यांचे आकडे कात्रीने कापून टाकले आणि तारेची बारीक कडी करून डबे असे जवळ आणले की मध्ये तीनच मिलीमीटर उरले. रूळ मांडले, सरळ वाटेवर गाडी सोडली. अहाहा! काय शोभा दिसली. मग गाडी वळणावर गेली. डब्यांचे आतले कोपरे एकमेकांवर दाबले गेले, तिसरा डबा उचलला गेला आणि टेबलावरून खाली पडला. त्याच्या दाराच्या दोन्ही पायऱ्या मोडल्या.

आवाजाने हे बाहेर आले. पडलेला डबा पाहिला, कापलेले आकडे पाहिले. “मला विचारायचं तरी होतंस,” एवढेच म्हणाले. त्यानंतर दोन दिवस आमच्यात अबोला. रागावले असते तर बरे वाटले असते. पण त्यांचा हात चालत नव्हता म्हणून त्यांची वस्तू माझी झाली असे मी धरून चालले होते, आणि ते त्यांना कळले होते. माफी मागायलाही शब्द सुचेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मोडकी पायरी त्यांच्यापुढे ठेवली आणि विचारले, “अहो, वळणावर काय झालं ते समजावून सांगाल का?” बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “कागद आण. रेघा तू मार.” ते सांगत गेले, मी काढत गेले.

गोष्ट साधी आहे. जेवायला पाट वर्तुळात मांडले तर पाटांचे आतले कोपरे जवळ येतात आणि बाहेरचे फाकतात. डबा लवचीक नसतो; तोही वळणावर पाटासारखाच बसतो. आमच्या वळणाची त्रिज्या २८२ मिलीमीटर. दोन शेजारच्या डब्यांत तिथे सुमारे २८ अंशांचा कोन पडतो आणि आतले कोपरे जवळजवळ चार मिलीमीटर जवळ येतात. मी ठेवले होते तीन. कोपरे आदळणार नाहीत तर काय होईल? सहा ठेवले तर वळणावर दोन मिलीमीटर शिल्लक राहतात. म्हणजे खऱ्या गाडीइतकी फट आमच्या वळणाला चालत होती, त्याहून कमी नाही.

जर्मन आणि जपानी बनावटीच्या पुष्कळ डब्यांत यावर एक सुंदर तोड असते. डब्याच्या पोटाखाली एक वाकडी खाच असते आणि आकड्याची दांडी त्या खाचेत सरकते. सरळ वाटेवर दांडी आत असते आणि डबे खेटून राहतात. वळण आले की खाच दांडीला बाहेर ढकलते, डबे आपोआप दूर होतात. वळण सरले की बारीक स्प्रिंग दांडीला पुन्हा आत ओढते. आमच्या घरच्या डब्यांना ते यंत्र नव्हते. म्हणून आम्ही साधा मार्ग घेतला. प्रत्येक चाकगाड्यावर एक बोथट टाचणी उभी बसवली आणि तारेच्या तुकड्याला दोन्ही टोकांना वेढे घालून तो दोन टाचण्यांवर अडकवला. सगळे तुकडे सारखे यावेत म्हणून लाकडी फळीवर दोन खिळे ठोकले आणि त्यांच्याभोवतीच तार वळवली. वेढा थोडा सैल ठेवावा लागतो, घट्ट झाला की वळणावर चाक उचलते. डबा काढायचा तर तार वर उचलली की सुटली. इंजिनाच्या बाजूचा एक आकडा मात्र जुनाच ठेवला.

राहिला घडीचा पडदा. तो माझ्या वाट्याचा! आधी मी चित्रकलेचा जाड काळा कागद घेतला. त्याच्या घड्या स्प्रिंगसारख्या ताठ झाल्या आणि वळणावर डब्याला रुळाबाहेर रेटू लागल्या. मग पतंगाचा काळा कागद आणला आणि निऱ्या घालतो तशा बारीक घड्या घातल्या. एक कड डब्याला चिकटवली, दुसरी मोकळी ठेवली. ती समोरच्या डब्याला नुसती टेकते. दोन्ही कडा चिकटवल्या तर कागद फाटतो. वळणावर आतल्या निऱ्या मिटतात, बाहेरच्या उलगडतात. दहा डब्यांत नऊ फटी, म्हणून नऊ पडदे. एकेकाला अर्धा दिवस लागला. हे शेजारी खुर्चीवर बसून भिंगातून बघत आणि म्हणत, “उजवी बाजू वर गेली बघ.” बहुतेक वेळा ती खरेच वर गेलेली असे.

यंदाच्या संक्रांतीला हळदीकुंकवासाठी तुमच्यापैकी काहीजणी आल्या होत्या, त्यांनी गाडी पाहिली आहे. ती वळणावरून अखंड गेली. बटण यांनीच फिरवले. तेवढे कापऱ्या हातालाही जमते. शेजारची लहान मुलगी म्हणाली, “आजोबा, ही खरी गाडी वाटते.” यांनी माझ्याकडे पाहिले. मला वाण मिळाले ते तेच.

यांचा हात काही बरा झालेला नाही, पुढे होईल असेही डॉक्टर म्हणत नाहीत. पण खोके आता कपाटावर नसते, टेबलावर असते. पडलेल्या डब्याच्या पायऱ्या नव्या केल्या. चारांपैकी एक जरा वाकडी बसली आहे, ती मी तशीच ठेवली.

मला उपदेश करता येत नाही. एवढेच सांगते, की घरात कुणाचे काम अडले तर आपण मदतीला धावतो ते चांगलेच. पण हातची वस्तू काढून घेण्याआधी एकदा विचारावे. आणि माणसे जवळ असावीत हे खरे असले, तरी वळणावर कोपरे लागणार नाहीत एवढी जागा मध्ये राहू द्यावी. आमच्या मापात ती सहा मिलीमीटर आहे. तुमच्या घरचे माप तुम्हीच काढा.

कुणाला गाडी बघायची असेल तर कोणत्याही दुपारी चारनंतर यावे. हे मापे सांगतील, मी चहा करीन. पतंगाचा काळा कागद उरलेला असेल तर येताना जरूर आणावा.