राखीव दलातील डॉक्टर आणि आपला शब्बाथ
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आम्ही उभयता न्यूझीलंडमधील हॅमिल्टन शहराच्या रोटोटुना उपनगरातून आलो आहोत. तेथे सिनेगॉग नाही. ऑकलंड गाठायचे तर सुमारे सव्वाशे किलोमीटर. आजचा विषय आमच्या घरातच उपस्थित झाला आहे. आमचा मुलगा भूलतज्ज्ञ आहे. सैन्याच्या राखीव दलात अर्धवेळ डॉक्टर म्हणून नाव द्यावे, असे त्याच्या मनात आहे.

सैन्याला स्वतःचे डॉक्टर नाहीत काय, असे कोणी विचारील. आहेत. परंतु शांततेच्या काळात पलटणीतले जवान तरुण आणि धडधाकट. केवळ त्यांनाच तपासत बसलेल्या सर्जनचा हात मोठ्या शस्त्रक्रियेला सरावलेला राहत नाही. अपघातातले जखमी रोज येतात ते शहराच्या मोठ्या इस्पितळात. म्हणून विशेषज्ञाने एरवी इस्पितळात राहावे आणि गरज पडताच सैन्यात यावे, अशी ही व्यवस्था. ती नवी नव्हे. इंग्रजी अमदानीत मुलकी नोकरीत असलेले इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉक्टर ही सैन्याची राखीव फळीच होती. १९१४ साली महायुद्ध पेटल्यावर त्यांना लष्कराकडे परत बोलावण्यात आले. न्यूझीलंडचे मेडिकल कोअर १९०८ साली स्थापन झाले. पहिल्या महायुद्धात त्याचाही भार मुख्यतः मुलकी डॉक्टरांनीच वाहिला.

पलटण आपल्या समाजाला परकी नाही. मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ साली बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर कंपनी सरकारच्या पलटणीतलेच होते. पण कोकणात आपल्याला शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी घाणा बंद. आणि राखीव दलाचा सराव पुष्कळदा शनिवार-रविवारीच! जीव वाचविण्यासाठी शब्बाथ मोडावा, नव्हे, मोडलाच पाहिजे, असे आपले शास्त्र सांगते. इस्पितळात शनिवारी ड्यूटी करताना मुलाला कधी शंका आली नाही. परंतु तंबूत बाहुल्यावर केलेला सराव म्हणजे जीव वाचविणे काय? तो म्हणतो, सराव नसेल तर ऐनवेळी जीव वाचणार कसा? आम्हांस हे अर्धेच पटते. बाहुल्याला काही घाई नसते. त्याच्यावर रविवारीही सराव होतो. तेवढी सवलत मागून पाहावी, असे आम्ही त्याला सांगितले. मागण्यात कमीपणा कसला?

दुसरी अडचण आम्हांला अधिक मोठी वाटते. राखीव दलात जाणाऱ्यांच्या नोकरीला संरक्षण देणारा कायदा न्यूझीलंडमध्ये १९७३ साली झाला. त्यामुळे डॉक्टर काही काळ सैन्यात गेला तरी त्याची जागा राहते. पण तो नसताना एखाद्या म्हाताऱ्याचे खुब्याचे ऑपरेशन पुढे ढकलले गेले, तर त्या म्हाताऱ्याने कोणता कायदा दाखवावा? रात्रपाळ्याही उरलेल्यांच्याच अंगावर पडतात. सैन्यात जाणाऱ्याला निदान गणवेश मिळतो. यांची कोणी दखलही घेत नाही. म्हणून फॉर्मवर सही करण्यापूर्वी आपल्या विभागातील सहकाऱ्यांना एकेक करून विचार, असे आम्ही मुलाला सांगून आलो आहोत. त्यांपैकी दोघांची मुले अजून पाळण्यात आहेत.