सक्ती आणि अनुदान

माझें आयुष्य शाळेंत गेलें. मुलांवर हजेरीची सक्ती करावयाची, तर वर्गांत आधीं मास्तर हवा, हें आम्हां शिक्षकांस पक्कें ठाऊक असतें. अमेरिकेंतील दोन कायदे याच न्यायानें पाहूं.

१९९९ च्या जानेवारींत न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या फलाटावर एका मनोरुग्णानें केंड्रा वेबडेल या तरुणीस गाडीपुढें ढकललें. तींत तिचा अंत झाला. त्याच वर्षीं तिच्या नांवाचा कायदा आला. उपचार वारंवार सोडणाऱ्या तीव्र मनोरुग्णानें घरीं राहून ते घ्यावे, असा हुकूम न्यायालय त्यान्वयें देऊं शकतें. परंतु तिला ढकलणाऱ्यानें औषध सोडलें होतें, तसेंच पूर्वीं स्वतः होऊन अनेकदां रुग्णालयाचें दारही ठोठावलें होतें! न्यूयॉर्कनें हें ओळखून कायद्याबरोबर रुग्णसेवेस पैसाही दिला.

कॅलिफोर्नियानें २००२ सालीं तसाच ‘लॉराचा कायदा’ केला. मात्र निराळा पैसा दिला नाहीं, आणि अंमल जिल्ह्यांच्या मर्जीवर सोडला. पहिला पूर्ण अंमल नेव्हाडा जिल्ह्यांत झाला, तोही २००८ सालीं!

न्यूयॉर्कच्या योजनेची पाहणी २००९ सालीं प्रसिद्ध झाली. रुग्णांचें रुग्णालयांत जाणें घटलें, असें तींत दिसलें. पण वाढीव पैशावांचून नुसत्या हुकुमानें तें साधलें असतें, असें पाहणारे म्हणूं शकले नाहींत. २०१४ सालीं अमेरिकन काँग्रेसनेंही अशा योजनांस अनुदानाची तरतूद केली.

श्रोतेहो, न्यायालयाचा हुकूम रुग्णाला बांधतो. मग सरकारनेंही बांधून घ्यावयास नको काय? ज्याचें स्वातंत्र्य आपण थोडें घेतों, त्याचे उपचार हें आपलें देणें आहे, दान नव्हे.