मुखत्यार यंत्रांची झडती



या परिषदेचे अध्यक्षपद देऊन आपण माझा जो गौरव केलात, त्याबद्दल कृतज्ञता व्यक्त करून मी विषयाकडे वळतो. १९५६ च्या उन्हाळ्यात डार्टमथ महाविद्यालयात मॅकार्थी, मिन्स्की, शॅनन प्रभृती संशोधक एकत्र आले, तेव्हापासून यंत्राला विचार करता यावा ही या शास्त्राची महत्त्वाकांक्षा राहिली आहे. परंतु आपल्या निर्णयानुसार कृतीही करणाऱ्या स्वायत्त अभिकर्त्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण घडून गेलेली कृती चुकलेल्या विचाराप्रमाणे खोडून टाकता येत नाही. अशा कृतिशील यंत्रांपैकी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील ‘शेकी’ हा फिरता यंत्रमानव मोजक्या खोल्यांत ठोकळे ढकलीत असे. त्याच्यासाठी शोधलेली मार्गशोधनाची रीत आजही प्रचारात आहे.

मला विस्ताराने सांगावयाचे आहे ते १९९९ च्या मे महिन्यातील एका प्रयोगाविषयी. ‘डीप स्पेस वन’ या अमेरिकन अंतराळयानाचा कारभार काही काळ ‘रिमोट एजंट’ नामक संगणकीय कार्यक्रमाच्या स्वाधीन करण्यात आला होता, आणि कामांचा आराखडा करणे, तो अमलात आणणे व बिघाड झाल्यास त्याचे निदान करून मार्ग काढणे, अशी तिहेरी मुखत्यारी त्याला मिळाली होती. प्रयोग चालू असतानाच कार्यक्रम थबकला. आयन-इंजिन बंद करण्याची वेळ आली, पण हुकूम सुटेना. तपासाअंती असे आढळले की, दोन प्रक्रिया परस्परांची वाट पाहत अडकल्या होत्या: काही घडले आहे काय हे पाहणे आणि काही घडले नाही म्हणून थांबणे, या दोहोंमधल्या निमिषमात्र अवकाशात वर्दी येऊन गेली होती. याच जातीचा दोष त्याच कार्यक्रमाच्या दुसऱ्या एका भागात अमेरिकेतील एम्स संशोधन केंद्रातील अभ्यासकांनी १९९७ मध्येच गणिती पडताळणीने हुडकून काढला होता. जेथे तशी पडताळणी झाली नव्हती, तेथे मात्र तो साऱ्या चाचण्यांना चकवून अंतराळात पोहोचला. पुढे योजलेली उद्दिष्टे पार पडली, हे खरेच. तथापि मला त्याहून मोलाचे वाटते ते हे, की संबंधितांनी आपल्या अपयशाची साद्यंत हकीकत प्रसिद्ध केली.

आजचे अभिकर्ते भाषिक प्रतिमानांवर उभे आहेत. त्यांच्या सर्व अवस्था तपासून संपविणे अशक्य आहे, आणि एकच आज्ञा दोनदा दिली असता ते दोन निरनिराळ्या वाटांनी जाऊ शकतात. असे असता आपल्या पुष्कळ निबंधांत यशाचे शेकडा प्रमाण तेवढे छापले जाते. उरलेल्या प्रसंगी अभिकर्त्याने कोणती फाईल पुसली, कोणाला भलताच संदेश धाडला, थांब म्हटल्यावर तो थांबला काय, याविषयी अवाक्षर नसते. ही उणीव मला अत्यंत खेदजनक वाटते.

म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे की, प्रबंध स्वीकारताना मार्गदर्शकांनी अभिकर्त्याच्या प्रत्येक कृतीचे दप्तर मागावे, त्याला दिलेल्या अधिकाराची हद्द लेखी नमूद करून घ्यावी, आणि परिषदेने फसलेल्या प्रयोगांच्या निबंधांसाठी पुढील अधिवेशनात स्वतंत्र सत्र राखून ठेवावे. या आशयाच्या ठरावाचा मसुदा मी कार्यवाहांच्या स्वाधीन केला आहे. उद्याच्या सभेत आपण त्याची कठोर चिकित्सा करावी.