डोळ्यांनीं ऐकलेला शब्द

नभोवाणीच्या श्रोत्यास वक्त्याचें मुख दिसत नाहीं, तरी शब्द कळतो. त्यामुळें ऐकणें हें केवळ कानांचें काम, असें वाटणें साहजिक आहे. मेंदू मात्र ही वांटणी मानीत नाहीं.

१९७६ सालीं हॅरी मॅकगर्क व जॉन मॅकडोनल्ड या मानसशास्त्रज्ञांनीं इंग्लंडांत एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रपटांतील तरुणीचे ओंठ ‘ग’ म्हणत होते. त्यांस ध्वनि जोडला होता ‘ब’चा. बहुतेक प्रौढांस ऐकूं आला तिसराच वर्ण, ‘ड’! डोळे मिटतांच ‘ब’ ऐकूं येई, उघडतांच पुन्हां ‘ड’. रहस्य ठाऊक असूनहि भ्रम टळत नसे.

‘ब’ उच्चारतांना ओंठ मिटावे लागतात. ते मिटलेले दिसत नाहींत, म्हणून मेंदू दोन्ही साक्षींस जुळेल असा निवाडा देतो. कानाच्या वरच्या बाजूस मेंदूंत एक लांबट खांच आहे. तेथें हा मेळ बसतो. २०१० सालीं चुंबकीय स्पंदांनीं डाव्या बाजूच्या या भागाचें कार्य क्षणभर विस्कळित केलें, तेव्हां भ्रम उणावला.

हा मेंदूचा दोष नव्हे. गलबल्यांत बोलणाराचें मुख दिसलें, कीं शब्द स्पष्ट होतो. ज्या वृद्धास कमी ऐकूं येतें, त्याला तर हा मोठाच आधार. त्याच्याशीं पाठमोरें ओरडण्यापेक्षां उजेडांत, समोर बसून बोलावें. त्याचे डोळे कानांस हात देतील.