दुखत नाही म्हणून थांबू नका



शहापूर-मुरबाडकडे बाई दवाखान्याची पायरी चढते ती बहुधा दुखणं सोसवेनासं झालं की. लावणी उरकू दे, मग बघू, असं म्हणत दिवस जातात. पण स्तनातली कॅन्सरची गाठ सुरुवातीला सहसा दुखत नाही. म्हणूनच ती अंगावर काढली जाते.

अशी गाठ लवकर शोधायची एक तपासणी म्हणजे मॅमोग्राफी, स्तनाचा एक्स-रे. स्तन दोन पट्ट्यांमध्ये काही सेकंद दाबून धरतात. थोडं दुखतं, पण दाबल्यामुळे फोटो स्पष्ट येतो आणि किरणंही कमी लागतात. हाताला न लागणारे, मिठाच्या कणांएवढे चुन्याचे ठिपकेसुद्धा त्यात दिसतात. तपासणीच्या दिवशी काखेत पावडर लावू नका, तिचेही ठिपके उमटू शकतात. तरुणपणी स्तन दाट असतो. फोटोत तोही पांढरा, गाठही पांढरी. म्हणून तरुण बाईची आधी सोनोग्राफी करतात. फोटोत शंका आली म्हणजे कॅन्सरच, असं नाही. खात्री होते ती सुईने काढलेला तुकडा तपासल्यावर.

पण मॅमोग्राफीचं यंत्र गावोगाव कुठून आणणार? मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये झोपडवस्त्यांतल्या दीड लाखावर बायकांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या जणींना प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातांनी तपासत. जिच्याबाबत संशय आला तिलाच पुढच्या तपासण्यांसाठी टाटात पाठवत. निकाल 2021 मध्ये छापून आला: पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही. तरीही गाठ लागली, तर वय बघत बसू नका.

सरकारी कार्यक्रमातही तिशीपुढच्या बायकांची अशी हाताने तपासणी ठरलेली आहे. तेव्हा डोळखांब असो की टोकावडे, आशाताई घरी आली की तिला विचारा, तपासणी कधी आहे? स्तनात किंवा काखेत गाठ, कातडीला खळगा, बोंड आत ओढलेलं, बोंडातून रक्त, यातलं काहीही दिसलं तर लाजू नका, तिला लगेच सांगा.

आता शेवटचं, घरातल्या पुरुषांसाठी. मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी मिळाली की मुरबाडहून कल्याणची एसटी किंवा आसनगावहून लोकल धरावी लागते. दिवस मोडतो, मजुरी बुडते. म्हणून त्या दिवशी गुरं कोण बघणार, पोरांना कोण जेवू घालणार, हे तुम्ही ठरवा आणि तिच्यासोबत जा.